एक परवाना, दोन विद्यापीठे: ह्यूस्टनच्या ९१.७ एफएमचे प्रकरण

अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहरात राइस विद्यापीठ हे खासगी विद्यापीठ आहे. तेथील विद्यार्थी ९१.७ एफएमवर चालवत असलेल्या केटीआरयू या रेडिओ केंद्राची वारंवारिता, परवाना आणि प्रक्षेपण मनोरा शेजारच्या सरकारी ह्यूस्टन विद्यापीठाला ९५ लाख डॉलरना, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ४४ कोटी रुपयांना, विकण्याचा निर्णय ऑगस्ट २०१० मध्ये जाहीर झाला. विकणारे विद्यापीठ होते आणि घेणारेही विद्यापीठच होते. दोन्ही विद्यापीठांची रेडिओ केंद्रे बिगरव्यावसायिक होती आणि आपण शहराची सेवा करतो असे दोघांचेही म्हणणे होते. एखाद्या उद्योगसमूहाने कॉलेजचा रेडिओ गिळला असता तर बाजू घेणे सोपे गेले असते. येथे ते तितके सोपे नाही, आणि विद्यापीठीय रेडिओ चालवणाऱ्यांनी हे प्रकरण बारकाईने पाहावे याचे कारणही तेच आहे. संस्था, तारखा आणि रकमा सार्वजनिक नोंदींतल्या असल्यामुळे त्या तशाच ठेवल्या आहेत. व्यक्तींची नावे मात्र दिलेली नाहीत.

पार्श्वभूमी

केटीआरयूची सुरुवात १९६७ मध्ये राइसच्या हॅन्झन कॉलेज या निवासी महाविद्यालयात झाली. काही विद्यार्थ्यांनी एक छोटा प्रक्षेपक इमारतीतल्या बझरच्या तारांना जोडला, त्या तारांचीच अँटेना केली आणि खोल्याखोल्यांतल्या रेडिओवर आपल्या आवडीची गाणी ऐकवायला सुरुवात केली. १९७१ मध्ये एफएमचा रीतसर परवाना मिळाला. तो अर्थातच विद्यापीठाच्या नावावर होता, कारण अमेरिकेचा फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन हा नियामक आयोग परवाना संस्थेला देतो, विद्यार्थ्यांच्या बदलत्या गटाला देत नाही. पुढे जे घडले त्याची मेख येथेच आहे. केंद्र विद्यार्थ्यांनी उभे केले, विद्यार्थ्यांच्या शुल्कातील ठरावीक वाट्यावर ते चालले, कार्यक्रमही विद्यार्थ्यांनीच ठरवले. पण कागदावर मालक विद्यापीठ होते.

केंद्राचा स्वभाव ठरलेला होता. जे दुसरीकडे वाजत नाही ते येथे वाजवायचे. जॅझ, ब्लूज, रेगे, आफ्रिकी संगीत, आधुनिक शास्त्रीय रचना, लहान मुलांचा कार्यक्रम आणि ह्यूस्टनमधल्या होतकरू बँडसाठी राखलेला वेळ असा सगळा ऐवज एकाच वाहिनीवर असे. विद्यार्थी निवेदकांबरोबर शहरातले स्वयंसेवकही वर्षानुवर्षे कार्यक्रम करत. अमेरिकी कॉलेज रेडिओत सर्वत्र एक रिवाज आहे: नवी तबकडी आली की ती पहिल्यांदा ऐकणारा निवेदक वेष्टनावर कागद चिकटवून कोणते गाणे वाजवावे, कोणते टाळावे, कुठे शिवी आहे, हे हाताने लिहून ठेवतो आणि त्याखाली पुढचे लोक आपली भर घालतात. अशा तबकड्यांची फडताळे म्हणजे केंद्राची स्मृती असते. श्रोत्यांची संख्या मोजणाऱ्या तक्त्यात तिला जागा नसते.

१९९१ मध्ये एक मोठा बदल झाला. शहरातल्या एका व्यावसायिक केंद्राला आपले क्षेत्र वाढवायचे होते आणि त्यात केटीआरयूच्या प्रक्षेपणाची अडचण येत होती. त्या केंद्राने स्वतःच्या खर्चाने केटीआरयूला ५०,००० वॉटचा नवा प्रक्षेपक उभारून दिला आणि प्रक्षेपणाची जागा शहराच्या उत्तरेला हंबल परिसरात गेली. तोवर काहीशे वॉटवर चालणारे केंद्र एका फटक्यात महानगरी ताकदीचे झाले. विद्यार्थ्यांना हे घबाडच वाटले असणार.

तथापि विद्यापीठ प्रशासन आणि केंद्र यांच्यात सर्व काही आलबेल नव्हते. प्रशासनाने विद्यापीठाच्या खेळांच्या सामन्यांना अधिक वेळ द्यायला लावल्यावरून वाद पेटला, निवेदकांनी सामन्याच्या प्रक्षेपणावरच संगीत वाजवून निषेध केला आणि २००० च्या अखेरीस प्रशासनाने केंद्राला सुमारे आठवडाभर टाळे लावले. तडजोड होऊन केंद्र पुन्हा सुरू झाले, पण अंतिम चावी कोणाच्या हातात आहे हे तेव्हाच सर्वांना दिसले होते.

ह्यूस्टन विद्यापीठाची परंपरा निराळी होती. त्याचे केयूएचएफ हे केंद्र १९५० पासून चालू होते आणि १९५३ मध्ये त्याने सुरू केलेले केयूएचटी हे अमेरिकेतले पहिले शैक्षणिक, बिगरव्यावसायिक दूरचित्रवाणी केंद्र मानले जाते. ८८.७ वर एक लाख वॉटने चालणारे केयूएचएफ व्यावसायिक कर्मचाऱ्यांच्या हाती होते आणि राष्ट्रीय सार्वजनिक रेडिओचे वार्ताकार्यक्रम व पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत या दोन गोष्टी एकाच वाहिनीवर आलटून पालटून देत होते.

प्रश्न

प्रश्न खरे तर दोन होते आणि ते दोन वेगळ्या कार्यालयांत निर्माण झाले होते.

राइसपुढचा प्रश्न पैशाचा होता. २००८ च्या आर्थिक संकटात अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांप्रमाणे राइसची गंगाजळीही आटली होती. केटीआरयूचे श्रोते मोजणीत नगण्य दिसत होते, ऐकणारे इंटरनेटकडे वळत होते आणि एफएम परवान्याची किंमत पुढे घसरत जाईल अशी अटकळ होती. अध्यक्षांनी विद्यापीठाला लिहिलेल्या पत्राचा आशय असा होता की हाती असलेली एक मौल्यवान मालमत्ता पुरेशी वापरली जात नाही आणि तिच्यातून मिळणारा पैसा अधिक विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडू शकतो. ज्या कामांची नावे पुढे आली त्यांत दोन निवासी महाविद्यालयांसाठीचे नवे भोजनगृह होते. या तपशिलाने नंतर जितकी चीड निर्माण केली तितकी किमतीने केली नाही.

ह्यूस्टन विद्यापीठाला वाहिनी कमी पडत होती. बातम्यांचा श्रोता संगीत लागले की निघून जातो आणि संगीताचा श्रोता बातम्या लागल्या की. दोन्हींना स्वतंत्र वाहिनी द्यावी, हा त्या काळात अमेरिकी सार्वजनिक रेडिओत रुळलेला विचार होता. परंतु तेथे एफएम पट्ट्याचा ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा भागच बिगरव्यावसायिक केंद्रांसाठी राखीव असतो, मोठ्या शहरांत तो केव्हाच भरला आहे आणि नवा पूर्ण ताकदीचा परवाना मिळण्याची शक्यता जवळजवळ नाही. नवी वाहिनी हवी असेल तर चालू केंद्र विकत घेणे, एवढाच व्यवहार्य मार्ग उरतो.

समोरचे पर्याय

राइसपुढे विकणे किंवा न विकणे एवढे दोनच मार्ग होते असे चित्र रंगवले गेले. त्या काळच्या नियमांत आणखी काही वाटा होत्या आणि त्यांचा विचार करणे आवश्यक आहे.

पहिली वाट वेळ वाटून घेण्याची होती. अमेरिकेत एकच वारंवारिता दोन संस्थांनी दिवसाचे तास वाटून वापरणे कायदेशीर आहे. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या परिसरात ८९.१ वर न्यूयॉर्क विद्यापीठ आणि फेअरली डिकिन्सन विद्यापीठ यांची केंद्रे अशीच चालत आली आहेत. ह्यूस्टन विद्यापीठाला दिवसाचे तास आणि केटीआरयूला रात्र, अशी मांडणी झाली असती तर रक्कम बरीच कमी आली असती, पण केंद्र हवेत राहिले असते. अडचण एवढीच की चोवीस तास शास्त्रीय संगीत हवे असलेल्या खरेदीदाराला अर्धी वाहिनी फारशी मोहात पाडणारी नव्हती.

माजी विद्यार्थी आणि शहरातील श्रोते यांची स्वतंत्र विश्वस्त संस्था स्थापन करून तिच्याकडे परवाना सोपवणे हा दुसरा मार्ग. ९५ लाख डॉलर एवढी रक्कम त्यांनी उभी केली असती असे मला वाटत नाही. पण हप्त्याने, कमी रकमेत, विद्यापीठाचा काही वाटा राखून असा करार करता आला असता. त्यासाठी त्यांना आधी कळायला हवे होते.

तिसरा मार्ग विक्री करून पैसा राखीव ठेवण्याचा. मिळालेल्या रकमेतला ठोस भाग केंद्राच्या इंटरनेट प्रसारणासाठी, संग्रहाच्या जतनासाठी आणि पुढे कधी छोटा परवाना मिळाल्यास त्यासाठी बांधून ठेवता आला असता. हा पर्याय विक्रीच्या बाजूच्या लोकांनाही पटण्यासारखा होता.

चौथा मार्ग थांबण्याचा होता. कमी ताकदीच्या सामुदायिक केंद्रांना शहरांत जागा करून देणारा कायदा तेव्हा अमेरिकी संसदेत प्रलंबित होता आणि त्यासाठी रेडिओ कार्यकर्त्यांची अनेक वर्षांची खटपट चालू होती. तो संमत होईलच अशी खात्री ऑगस्ट २०१० मध्ये कोणी देऊ शकले नसते, हे मान्य करायला हवे.

काय केले गेले

वाटाघाटी गुप्तपणे झाल्या. केंद्राच्या विद्यार्थी व्यवस्थापकांना त्यात घेतले नव्हते. ह्यूस्टन विद्यापीठ सरकारी असल्यामुळे खरेदीचा ठराव त्याच्या नियामक मंडळाच्या खुल्या बैठकीत मांडणे भाग होते, आणि त्यामुळे बातमी आधी वर्तमानपत्रातून फुटली. १७ ऑगस्टला मंडळाने खरेदीला मंजुरी दिली आणि त्याच दिवशी राइसच्या अध्यक्षांचे पत्र विद्यार्थ्यांना व माजी विद्यार्थ्यांना गेले. शैक्षणिक वर्षाचे वर्ग अजून सुरू व्हायचे होते. ज्यांच्या शुल्कावर केंद्र चालत होते त्यांना ते विकल्याचे बातमीतून कळले.

विरोध लगेच संघटित झाला. आवारात निदर्शने झाली, केंद्र वाचवण्याच्या मोहिमेला माजी विद्यार्थी आणि स्थानिक संगीतकार येऊन मिळाले आणि परवाना हस्तांतराला मंजुरी देऊ नये, असा अर्ज आयोगापुढे दाखल झाला.

या अर्जाची कायदेशीर बाजू लंगडी होती. नवा परवानाधारक पात्र आहे का, हे आयोग पाहतो. केंद्रावर कोणत्या प्रकारचे कार्यक्रम असावेत आणि जुना प्रकार बंद पडल्याने शहराचे काय नुकसान होईल, यात तो पडत नाही, आणि त्याच्या या धोरणावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्येच शिक्कामोर्तब केले होते. एका विद्यापीठाचा बिगरव्यावसायिक परवाना दुसऱ्या विद्यापीठाकडे जातो आहे, एवढे पाहिल्यावर आयोगापुढे अडवण्यासारखे फारसे उरत नव्हते. तरीही अर्जामुळे हस्तांतर आठ महिने लांबले आणि हे आठ महिने विद्यार्थ्यांनी सत्कारणी लावले. त्याच शहरातल्या केपीएफटी या सामुदायिक केंद्राने आपल्या डिजिटल उपवाहिनीवर केटीआरयूला जागा दिली. (हे तेच केंद्र, ज्याचा प्रक्षेपक १९७० मध्ये कू क्लक्स क्लॅनच्या लोकांनी दोनदा बॉम्बने उडवला होता, संकटात सापडलेल्या रेडिओला आसरा देण्याचे महत्त्व त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.) उपवाहिनी ऐकायला वेगळा रेडिओ संच लागतो, त्यामुळे तिचा श्रोतृवर्ग तुटपुंजा होता, पण केंद्र हवेतून पूर्णपणे गेले नाही.

एप्रिल २०११ च्या मध्याला आयोगाची मंजुरी आली आणि २८ एप्रिलला ९१.७ ह्यूस्टन विद्यापीठाकडे गेले. त्याचे नाव केयूएचए झाले. शास्त्रीय संगीत तेथे हलले आणि ८८.७ पूर्णवेळ बातम्या व चर्चांचे केंद्र झाले.

परिणाम

येथेच प्रकरण संपले असते तर शिकण्यासारखे अर्धेच राहिले असते. पुढची पाच वर्षे अधिक बोलकी आहेत.

नव्या शास्त्रीय वाहिनीला प्रक्षेपणाचे दुखणे पहिल्यापासून होते. मनोरा शहराच्या उत्तरेला असल्याने ह्यूस्टनच्या सर्व भागांत ९१.७ सारख्या ताकदीने पोहोचत नव्हते, आणि ८८.७ वर वर्षानुवर्षे विनासायास संगीत ऐकणाऱ्या काही श्रोत्यांना आपल्याच घरात खरखर ऐकू येऊ लागली. खर्च देणग्या आणि प्रायोजकत्वातून भागवायचा होता आणि दोन वाहिन्यांसाठी निधी मागणे एका वाहिनीपेक्षा अवघड होते. ऑगस्ट २०१५ मध्ये ह्यूस्टन विद्यापीठाने हीच वारंवारिता विकायला काढली. शास्त्रीय संगीत डिजिटल उपवाहिनीवर आणि इंटरनेटवर गेले. श्रोते आता डिजिटल माध्यमांकडे वळले आहेत, हे जे कारण तेव्हा देण्यात आले, तेच पाच वर्षांपूर्वी राइसने दिले होते. २०१६ मध्ये परवाना सुमारे एक कोटी डॉलरना एका ख्रिस्ती धार्मिक संगीत प्रसारित करणाऱ्या संस्थेकडे गेला. शहराच्या दृष्टीने पाहिले तर सहा वर्षांत ९१.७ विद्यार्थ्यांकडून शास्त्रीय संगीताकडे आणि तेथून धार्मिक संगीताकडे गेले, आणि ती वारंवारिता कोणत्याही विद्यापीठाकडे राहिली नाही.

ह्यूस्टन विद्यापीठाला काहीच मिळाले नाही असे मात्र म्हणता येत नाही. ८८.७ पूर्णवेळ वार्ताकेंद्र झाले आणि तसेच राहिले. वादळे आणि पूर यांची सवय झालेल्या शहरात अखंड बातम्या देणारे बिगरव्यावसायिक केंद्र असणे ही लहान गोष्ट नाही.

केटीआरयू इंटरनेटवर चालू राहिले. दरम्यान कमी ताकदीच्या केंद्रांचा तो प्रलंबित कायदा संसदेत संमत होऊन जानेवारी २०११ मध्ये अमलात आला आणि २०१३ मध्ये आयोगाने कमी ताकदीच्या केंद्रांसाठी अर्ज मागवले. या वर्गात कमाल मर्यादा १०० वॉट आहे. केंद्रासाठी परवाना मिळाला आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये केटीआरयू ९६.१ वर पुन्हा एफएमवर आले. जवळपास त्याच हंगामात, शहराच्या दुसऱ्या बाजूला, ९१.७ विक्रीला निघालेले होते.

निर्णयाचे टप्पे आणि वेगळे काय करता आले असते

२०१० चा निर्णय वादग्रस्त ठरला असला तरी माझ्या मते कळीचा टप्पा १९९१ चा आहे. ५०,००० वॉटची भेट स्वीकारताना हे केंद्र नेमके कोणासाठी आहे, हा प्रश्न विचारायला हवा होता. काहीशे वॉटचे केंद्र विकून ९५ लाख डॉलर आले नसते. ज्या भेटीने आवाज दूरवर गेला तिनेच केंद्राला विकाऊ बनवले. ताकद वाढली तेव्हा परवानाधारक विद्यापीठ आणि केंद्र यांच्यात लेखी समझोता करून ठेवायला हवा होता: परवान्याबाबत कोणताही विचार सुरू झाल्यास केंद्राला किती दिवस आधी कळवायचे, विक्री झाल्यास रकमेचा कोणता भाग केंद्राकडे यायचा. चांगल्या दिवसांत असे कागद करणे कोणाला सुचत नाही, कारण तेव्हा ते अविश्वासाचे लक्षण वाटते. २००० च्या टाळेबंदीनंतर तरी ते सुचायला हवे होते.

दुसरा टप्पा मोजमापाचा. ह्यूस्टन हे छोट्या यंत्राने श्रोते मोजण्याची नवी पद्धत लवकर सुरू झालेल्या अमेरिकी शहरांपैकी एक होते. निवडक लोक ते पेजरएवढे यंत्र दिवसभर जवळ बाळगतात आणि प्रक्षेपणात मिसळलेला, कानाला न कळणारा संकेत ते टिपते. मोठ्या वाहिन्यांची तुलना करायला ही पद्धत ठीक आहे. पण आठवड्यातून एकदा दोन तास रेगे ऐकणारा एक गट, रविवारी मुलांचा कार्यक्रम लावणारे दुसरे घर आणि स्वतःच्या बँडचे गाणे ऐकायला थांबलेली चार पोरे, असा विखुरलेला श्रोतृवर्ग छोट्या नमुन्यात सापडणे कठीण. राइसने या मोजणीवर भर दिला. केंद्रावर दर वर्षी किती विद्यार्थी तयार होतात, किती स्थानिक संगीतकारांना पहिली संधी मिळते, किती स्वयंसेवक टिकतात, या नोंदी निर्णयाच्या टेबलावर आल्या असत्या तर निष्कर्ष कदाचित तोच राहिला असता, पण वाद वेगळ्या पातळीवर झाला असता. अशा नोंदी वेळीच तयार ठेवणे हे केंद्राचे काम असते.

तिसरा टप्पा गुप्ततेचा. वाटाघाटी उघड केल्या असत्या तर व्यवहार फिसकटला असता, हा युक्तिवाद निव्वळ व्यापारी दृष्टीने चुकीचा नाही. पण परवाना आम्ही विचाराधीन ठेवला आहे, अमुक महिन्यांत पर्याय सुचवा, एवढे जाहीर करायला खरेदीदाराचे नाव किंवा किंमत सांगावी लागत नाही. विद्यापीठाने इतकेही केले नाही आणि मग पैसा कुठे जाणार हे सांगताना भोजनगृहाचे नाव आल्यावर चर्चा कायमची तेथेच अडकली.

खरेदीदाराच्या बाजूची चूक तुलनेने कमी बोलली गेली आहे. त्यांनी वॉटचा आकडा आणि नकाशावरचे वर्तुळ विकत घेतले. देणगीदार श्रोते शहराच्या कोणत्या भागांत राहतात आणि तेथे हंबलचा मनोरा कसा ऐकू येतो, हे मोजायला एक गाडी, एक रेडिओ संच आणि काही आठवडे पुरले असते. हिशेब सहज जुळला नसता, तर वेळ वाटून घेण्याचा पर्याय दोन्ही विद्यापीठांना निदान चर्चेच्या टेबलावर घेता आला असता.

ह्यूस्टनचे हे प्रकरण एकटे नव्हते. जानेवारी २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचे केयूएसएफ भर दिवसा अचानक बंद करण्यात आले, आणि त्याच वर्षी नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातील डब्ल्यूआरव्हीयू शहराच्या सार्वजनिक रेडिओकडे गेले. दोन्ही ठिकाणी त्या वारंवारितेवर शास्त्रीय संगीत आले.

आपल्याकडे असा व्यवहार होऊ शकत नाही. भारतात शैक्षणिक संस्थांना २००२ च्या धोरणाने रेडिओचे दार उघडले, चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र २००४ मध्ये सुरू झाले आणि आज पुणे विद्यापीठाच्या विद्यावाणीसारखी केंद्रे महाराष्ट्रातही आहेत. सामुदायिक रेडिओची परवानगी दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही आणि प्रसारित ताकद १०० वॉटपर्यंतच असते, म्हणजे ९६.१ वरच्या आजच्या केटीआरयूसारखीच. त्यामुळे परवान्याला बाजारभाव नाही. येथे केंद्र संपते ते रिक्त पद न भरल्याने, बिघडलेला प्रक्षेपक दुरुस्त न केल्याने, किंवा केंद्रप्रमुखाचे काम एखाद्या प्राध्यापकाच्या गळ्यात जादा कार्यभार म्हणून पडल्याने. अशी बंदी कोणत्याही बैठकीच्या कार्यवृत्तात येत नाही आणि तिच्याविरुद्ध अर्ज करायला जागाही नसते. ह्यूस्टनच्या विद्यार्थ्यांना निदान एक तारीख आणि एक ठराव समोर होता. आपल्या विद्यापीठांनी परवानगीच्या नूतनीकरणाची वेळ येण्याच्या वर्षभर आधी, केंद्राचे मनुष्यबळ, यंत्रसामग्री आणि परिसरातील सहभाग यांचा लेखी अहवाल व्यवस्थापन परिषदेपुढे ठेवावा आणि केंद्र चालवायचे की नाही यावर तेथे उघड ठराव व्हावा, अशी तरतूद सहज करता येते. त्यासाठी दिल्लीच्या मंजुरीची गरज नाही.